लेबल फिकट येतंय? डार्कनेसला हात लावण्याआधी रोल बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: चिपळूणला घरून लोणची-मसाल्यांचा व्यवसाय, आठ महिन्यांपूर्वी घेतलेला चार इंची थर्मल प्रिंटर, सुरुवातीला झकास चालला. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून छपाई फिकट, लेबलावर एक उभी पांढरी रेघ, पाच-सहा लेबलांमागे एक कोरं, आणि कुरिअरचा मुलगा "ताई, स्कॅन होत नाही" म्हणून पार्सल परत दारात ठेवतो. डार्कनेस, म्हणजे छपाई किती काळी हवी ते सेटिंग, शेवटच्या टोकाला नेला तरी फरक नाही. बरणीवरच्या छोट्या लेबलाचा बारकोडही दुकानात वाचला जात नाही. तर नवा प्रिंटर घेऊ का?

घेऊ नका. निदान या आठवड्यात तरी नको. भोसरी-चाकण पट्ट्यात गेली चौदा वर्षं मी लेबल प्रिंटर बसवतो आणि दुरुस्त करतो. "प्रिंटर गेला" म्हणून माझ्या टेबलावर येणारे बरेचसे प्रिंटर गेलेले नसतात. रोल बदललेला असतो, आणि ते सांगायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. तुम्हीही ते जाता जाता लिहिलंय: "हल्ली रोल दुसरीकडून मागवतोय, स्वस्त पडतात." माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तीच.

दुसरं म्हणजे, तुम्ही एक आजार म्हणून सांगताय ते चार आहेत: फिकटपणा, उभी रेघ, कोरं लेबल आणि न वाचला जाणारा बारकोड. चौघांची कारणं वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. डार्कनेस हे तसलंच औषध.

मॉडेल तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे बटणं आणि मेनू थोडे इकडेतिकडे असतील. रिबन, म्हणजे शाईची फीत, लावत नाही म्हणता, म्हणजे तुमचा प्रिंटर डायरेक्ट थर्मल. यात शाई नाही, टोनर नाही. कागदावरच रसायनाचा थर असतो आणि हेडची, म्हणजे छापणाऱ्या तापत्या पट्टीची, उष्णता लागली की तो काळा पडतो. खात्री करायची असेल तर लेबलावर नखानं जोरात, भरभर रेघ ओढा. काळपट रेघ उमटली की कागद थर्मल. उमटली नाही तर एक तर तुम्ही मागची बाजू घासताय, नाहीतर दुकानदारानं रिबनवर चालणारा क्रोमो रोल दिलाय. क्रोमो रोल रिबनशिवाय लावला तर जन्मभर कोराच बाहेर येईल. हसू नका, केवळ एवढ्यासाठी मी तळेगावपर्यंत गाडी काढून गेलोय.

आता हीच नखाची रेघ जुन्या रोलच्या एखाद्या उरलेल्या लेबलावर आणि नव्या रोलवर शेजारी शेजारी ओढा. नव्यावर रेघ मरतुकडी उमटली तर फिकटपणाचं अर्धं उत्तर मिळालं: नव्या कागदाचा थर तेवढा संवेदनशील नाही, त्याला जास्त उष्णता लागते. बोटही फिरवून बघा. चांगल्या लेबलावर वरून एक संरक्षक थर असतो, त्याला आम्ही टॉप कोटेड म्हणतो. हाताला ते गुळगुळीत लागतं. बिनथराचं लेबल किंचित खरखरीत, खडूसारखं लागतं. ती खरखर हेडवरून रोज मीटरच्या मीटर घासत जाते आणि तिची भुकटी हेडवर बसते.

म्हणजे फिकटपणाला कागद कारण असू शकतो आणि त्याच कागदामुळे मळलेलं हेडही असू शकतं. दोन्ही वेगळे करायचे तर आधी हेड साफ करा. प्रिंटर बंद करा, पिन काढा, दहा मिनिटं गार होऊ द्या. झाकण उघडलं की वरच्या बाजूला लेबलाच्या रुंदीएवढी काचेसारखी चकचकीत पट्टी दिसेल, तिच्यावर एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे हेड. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, 99 टक्क्यांचं घ्या. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर घेऊन एकाच दिशेनं पुसा, काडी काळी झाली की नवी घ्या. काडी पांढरी निघेपर्यंत. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिशचा रिमूव्हर हेही नको. आणि कृपा करून ब्लेड नको. एका गोदामात ऑपरेटरनं हेडवर चिकटलेला डिंक ब्लेडच्या टोकानं खरवडून काढला होता. डिंक गेला, सोबत ठिपके उमटवणारे पाच-सहा बारीक हीटरही गेले, आणि बिल हेडचं निघालं.

हेडखालचा काळा रबरी रोलरही हातानं फिरवत फिरवत पुसा. त्याच्यावर डिंक किंवा लेबलाचा तुकडा चिकटला असेल तर तेवढ्या भागात दाब नीट बसत नाही आणि ठरावीक अंतरावर फिकट पट्टा येत राहतो. रोलर पुसायला लोक हमखास विसरतात.

सफाई झाली की कॉम्प्युटरची वायर काढून टाका आणि प्रिंटरला स्वतःची सेल्फ टेस्ट काढू द्या. बहुतेक छोट्या प्रिंटरांत फीडचं बटण दाबून ठेवून प्रिंटर चालू करायचा आणि दिवा लुकलुकला की सोडायचं. कितव्यांदा लुकलुकल्यावर ते तुमच्या पुस्तिकेत असेल. यातून छापून येणारी पट्टी म्हणजे माझ्यासाठी रक्ताचा रिपोर्ट. ती काळीभोर आली आणि कॉम्प्युटरवरून काढलेलं लेबल फिकट आलं, तर प्रिंटर ठणठणीत आहे, दोष ड्रायव्हरच्या (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये किंवा फाइलमध्ये आहे. तीही फिकट आली तर कागद किंवा हेड. एवढ्या एका चाचणीनं निम्मी वाट कमी होते, तरी लोक आधी ड्रायव्हर काढून परत टाकण्यात अख्खी संध्याकाळ घालवतात.

डार्कनेसबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हेडवर बारीक बारीक हीटर एका ओळीत असतात. तुमचा प्रिंटर 203 डीपीआयचा, म्हणजे इंचाला 203 ठिपक्यांचा, असेल तर एका मिलिमीटरला 8. प्रत्येक हीटर क्षणभर तापतो आणि कागदावर ठिपका उमटवतो. डार्कनेस वाढवणं म्हणजे प्रत्येक ठिपक्याला जास्त तापवणं. ठिपका काळा होतो, पण उष्णता बाजूलाही पसरते आणि ठिपका फुगतो. बारकोडच्या रेघा जाड होतात, मधल्या पांढऱ्या फटी बुजतात. स्कॅनर काळं जेवढं वाचतो तेवढंच पांढरंही वाचतो. त्यामुळे डोळ्यांना झोकदार दिसणारं लेबल स्कॅनरला आंधळं असू शकतं, आणि जरासं करडं लेबल पहिल्या फटक्यात वाचलं जातं. शिवाय जास्त तापलं की लेबलाच्या कडेचा डिंक पातळ होऊन हेडवर येतो, धूळ भाजून घट्ट बसते, हेडचं आयुष्य घटतं. आपल्या लिपीचं तर वेगळंच दुखणं. डार्कनेस टोकाला असताना "आंबा लोणचं" लहान अक्षरांत छापून भिंगाखाली बघा: अनुस्वार शिरोरेघेला चिकटलेला, ब ची गाठ बुजलेली. तुमच्या लेबलावर असं झालं असेल तर बारकोडही तसाच भरून गेलाय.

म्हणून डार्कनेस आधी मधोमध आणा. आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, टीएससीच्या प्रिंटरांत 0 ते 15 असतात तर झेब्राच्या ड्रायव्हरमध्ये 0 ते 30, त्यामुळे माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. मधोमध ठेवून आधी वेग कमी करा, सेकंदाला 5 इंच असेल तर 3 इंचांवर. वेग कमी केला की कागदाला तीच उष्णता शांतपणे मिळते. दिवसाला तीस-चाळीस पार्सलं जाणाऱ्या घरात वेगानं काय फरक पडतो? तरीही फिकट वाटलं तरच डार्कनेस एकेक पायरीनं वाढवा, दर पायरीला एक लेबल काढून त्यावर पेनानं आकडा लिहून ठेवा, आणि फोनवरच्या एखाद्या बारकोड ॲपनं वाचून बघा. काळेपणावर जाऊ नका. सगळ्यात पटकन वाचलं गेलेलं लेबल निवडा.

उभी पांढरी रेघ. लेबल ज्या दिशेनं बाहेर पडतं त्या दिशेला, प्रत्येक लेबलावर बरोबर त्याच जागी येत असेल, तर त्या जागचा हीटर एक तर झाकला गेलाय, नाहीतर मेलाय. सफाईनं गेली तर मळ होता. दोन-तीनदा नीट पुसूनही केसासारखी बारीक, धारदार रेघ तशीच राहिली तर ठिपका गेला. तो परत येत नाही. पण म्हणून लगेच हेड बदलायचं असंही नाही. रेघ पत्त्यातून जात असेल तर जाऊ दे. बारकोडमधून जात असेल तर बारकोड कसा आडवा-उभा पडलाय ते बघा. रेघा लेबलाच्या चालीच्या दिशेनं असतील तर मेलेला ठिपका एक अख्खी रेघ खाऊ शकतो, आणि मग तो बारकोड संपला. रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतील तर पांढरी रेघ सगळ्या पायऱ्यांना छेदून जाते आणि स्कॅनर तिच्या बाजूनं वाचून मोकळा होतो. लेबल स्वतः बनवत असाल तर बारकोड दोन-तीन मिलिमीटर सरकवून किंवा 90 अंशांत फिरवून हेड आणखी वर्षभर चालवता येतं. ऑनलाइन विक्रीच्या कंपनीचं तयार लेबल असेल तर ही मोकळीक नाही, पण अख्खं लेबल 180 अंशांत फिरवून छापता येतं, आणि रेघ दुसरीकडे पडते.

हेड झिजलं असेल का? कंपन्या हेडचं आयुष्य किलोमीटरमध्ये सांगतात. समजा 30 किलोमीटर धरले आणि तुमचं लेबल 150 मिलिमीटर लांब, तर 2 लाख लेबलं होतात. रोज चाळीस या हिशेबानं आठ महिन्यांत तुमची दहा हजारांच्या आसपास झाली असतील. झिजलं असेल असं मला वाटत नाही. खरखरीत कागद आणि टोकाचा डार्कनेस यांनी थोडं लवकर म्हातारं केलं असेल, एवढंच.

कोऱ्या लेबलांचा हेडशी संबंध नाही, तो सेन्सरचा मामला आहे. दोन लेबलांमधल्या फटीतून प्रकाश जास्त जातो, सेन्सर तेवढं बघतो आणि "इथे लेबल संपलं" म्हणतो. रोल बदलला की लेबलामागचा बॅकिंगचा कागद जाड-पातळ होतो, फट 3 मिलिमीटरची 2 होते, सेन्सरचा जुना अंदाज चुकतो आणि तो अधूनमधून एक लेबल सोडून देतो. उपाय कॅलिब्रेशन: नवा रोल लावून फीडचं बटण दाबून धरायचं, प्रिंटर तीन-चार लेबलं पुढे-मागे करून फट शिकतो. ब्रँडचा किंवा जाडीचा रोल बदलला की दरवेळी करा. मग ड्रायव्हरमधलं लेबलाचं माप पट्टीनं मोजून टाका. पुड्यावर 100 बाय 150 लिहिलेलं असतं आणि आत 99 बाय 148 निघतं, हे मी कैक वेळा मोजलंय.

तुम्ही बरणीची लेबलं दोन-दोनच्या ओळीत घेता ना, 38 बाय 25 ची? मग एक गोम लक्षात घ्या. काही प्रिंटरांत सेन्सर बरोबर मध्यावर असतो. दोन लेबलांच्या ओळीत मध्यावर लेबलच नसतं, उभी फटच असते, त्यामुळे सेन्सरला सगळीकडे फटच दिसते आणि तो वेडापिसा होतो. सेन्सर सरकवता येत असेल तर एका लेबलाच्या मध्यावर आणा. सरकत नसेल तर एका ओळीत एकच असणारा किंवा मागे काळी खूण छापलेला रोल घ्या, अर्थात प्रिंटरला ती खूण वाचता येत असेल तर.

पावसाळ्याचाही यात हात असू शकतो. कोकणातल्या दमट हवेत उघडा पडलेला रोल कडांनी फुगतो, लेबलं वळतात, वळलेली कड रोलरखाली मुडपते. रोल पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवा, एका वेळी एकच बाहेर काढा. ओटा आणि गॅसपासून लांब. उष्णतेनं थर आधीच करपतो.

कुरिअरचा बारकोड. सेल्फ टेस्ट चांगली येत असेल तर इथे फाइल बघा. ऑनलाइन विक्रीच्या साइटवरून लेबलाची पीडीएफ येते, बरेचदा ए-4 आकाराची, आणि प्रिंट करताना "पानात बसवा" हा पर्याय आपोआप निवडलेला असतो. लेबल 97 टक्क्यांवर आकसतं, डोळ्यांना काही कळत नाही. पण थर्मल प्रिंटरला करडा रंग माहीत नाही. ठिपका जळतो किंवा जळत नाही. दोन ठिपके जाडीची रेघ 1.94 ठिपक्यांची झाली की तो कुठे दोन टाकतो, कुठे एक. सारख्या रेघा असमान होतात आणि स्कॅनर गोंधळतो. साइटवर लेबलाचा आकार 4 बाय 6 इंच निवडता येतो का ते बघा, ड्रायव्हरमध्ये तेच माप ठेवा, आणि छापताना 100 टक्के किंवा "मूळ आकार" घ्या. लेबलाचा फोन स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपनं कॉम्प्युटरवर पाठवून छापत असाल, तर ते आजच बंद करा.

बरणीवरच्या बारकोडचा प्रश्न निव्वळ गणिताचा आहे आणि मला यात नेहमी मजा वाटते. दुकानातला 13 अंकी ईएएन बारकोड, आपल्याकडचा 890 नं सुरू होणारा, 95 घरांचा असतो; घर म्हणजे सगळ्यात बारीक रेघेएवढी रुंदी. शिवाय डावीकडे 11 आणि उजवीकडे 7 घरं कोरी सोडावी लागतात. एकूण 113. एका घराची प्रमाण रुंदी 0.33 मिलिमीटर, आणि एरवी 80 टक्क्यांपेक्षा, म्हणजे 0.264 पेक्षा, लहान करायची नाही; जागच्या जागी छापणाऱ्या थर्मल प्रिंटरला 75 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 0.249 पर्यंत, सूट आहे. 203 डीपीआयच्या हेडचा एक ठिपका 0.125 मिलिमीटरचा. दोन ठिपक्यांचं घर 0.25 होतं, त्या सुटीच्या अगदी काठावर. तीन ठिपक्यांचं 0.375, ते चालतं, पण मग 113 घरांना 42.4 मिलिमीटर जागा हवी. तुमचं लेबल 38 चं. गंमत अशी, की नुसत्या 95 घरांना 35.6 मिलिमीटर पुरतात, म्हणून बारकोड लेबलावर बसलेला दिसतो! मात्र डावीकडे चार मिलिमीटर कोरी जागा हवी तिथे तुमच्याकडे जेमतेम एक उरते. बारकोड कुठून सुरू होतो हेच स्कॅनरला कळत नाही. डार्कनेस किंवा सफाईनं हे सुटणार नाही. 50 बाय 25 चं लेबल घ्या, सॉफ्टवेअरमध्ये घराची रुंदी 3 ठिपके ठरवून टाका, आणि बारकोडचा कोपरा माउसनं ओढून आकार बदलू नका. बरणी अरुंद असेल तर बारकोड उभा, शिडीसारखा लावा, म्हणजे गोलाईवर रेघा वळत नाहीत.

बरणीच्या बाबतीत माझं एक ठाम मत आहे, पटलं तर घ्या. कुरिअरचं लेबल आठवडाभर टिकलं की काम झालं, त्याला डायरेक्ट थर्मल उत्तम. लोणच्याच्या बरणीवर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि एमआरपी वर्षभर दिसायला हवी. तेलाचं बोट लागलं की थर्मल छपाई उडते. दुकानाच्या काचेतून ऊन पडलं की कागद पिवळट आणि अक्षरं फिकी. तुमच्या बरण्या परत आल्या त्यांवर तारीख दिसत नव्हती असं लिहिलंय, ते यामुळेच असावं. त्यासाठी रिबनचा प्रिंटर, क्रोमो लेबल आणि वॅक्स-रेझिन रिबन हा जोड बरा. तेलाचा जास्तच संबंध असेल तर पॉलिएस्टर लेबलावर रेझिन रिबन. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर या कामासाठी घ्या, आहे तो पार्सलांना राहू द्या.

आणि पार्सलावरचं लेबल पावसात भिजू नये म्हणून त्याच्यावरून पारदर्शक चिकटपट्टी मारत असाल, आमच्याकडे सगळेच मारतात, तर निदान बारकोडवरून मारू नका. पट्टीच्या डिंकानं थर्मल छपाई हळूहळू विरते, आणि पट्टीची चकाकी व सुरकुती स्कॅनरच्या डोळ्यात जाते. पावसाळ्यात कुरिअरची पारदर्शक खिशाची पिशवी वापरा.

आता आधी एवढंच करा: हेड आणि रोलर पुसा, जुन्या रोलची दहा-बारा लेबलं कुठे उरली असतील तर ती लावा, कॅलिब्रेट करा, डार्कनेस मध्यावर आणून सेल्फ टेस्ट काढा. मग नवा रोल लावून परत कॅलिब्रेट करा आणि दुसरी काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं सुधारलं ते कळणार नाही. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून, खाली शाळेची पट्टी ठेवून उजेडात फोटो काढा आणि प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेल लिहून पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.